मदत करायची? आधी शिकायची!

एक सोपा प्रश्न विचारतो. कुठं दरड कोसळली, पूर आला, भूकंप झाला, तर मदतीला सगळ्यांत आधी कोण पोचतं?

‘पोलीस!’ ‘अग्निशामक दल!’ ‘मिलिटरी!’ तुमची उत्तरं मला इथूनच ऐकू येताहेत. हे सगळे येतातच. पण त्यांच्याही आधी येतो तो शेजारी. ज्याच्या हाताला फावडं लागलं तो फावडं घेऊन, ज्याला काहीच मिळालं नाही तो नुसत्या हातांनी.

आपल्या पुणे जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. आंबेगाव तालुक्यात, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला माळीण नावाचं गाव होतं. ३० जुलै २०१४ च्या सकाळी, धो धो पावसात, डोंगराचा मोठा भाग सुटून त्या गावावर आला. काही क्षणांत घरं चिखलाखाली गेली. त्या वाटेनं गेलेल्या एसटीच्या चालकाला नेहमीच्या जागी गावच दिसेना! त्यानं ते कळवलं, तेव्हा बाहेरच्या जगाला हे समजलं. दीडशेहून जास्त माणसं त्या दिवशी गेली.

माळीणला जे पथक धावून गेलं, ते तुमच्यापैकी पुष्कळांच्या घराजवळच राहतं. तळेगाव-चाकण परिसरात सुदुंबरे नावाचं गाव आहे. तिथं राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, म्हणजे एनडीआरएफची, पाचवी बटालियन आहे. नारिंगी कपडे घातलेले हे जवान तुम्ही टीव्हीवर पाहिले असतील. २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या पुरात तेच होते. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला, तेव्हाही तेच आले.

आता दुसरा प्रश्न, जरा अवघड. माळीणला हे जवान कितीतरी दिवस खोदत होते. गावकरी, नातेवाईक, डॉक्टर, जेसीबी चालवणारे, सगळे पावसात उभे. मग या सगळ्यांना जेवायला कोण घालतं? प्यायचं पाणी कोण आणतं? कोण सापडलं, कोण नाही, याची यादी कोण करतं? ज्याचं सगळं घर गेलं त्याच्याजवळ गप्प बसून कोण राहतं?

ही कामं बातम्यांत फारशी दिसत नाहीत. ती बहुतेक वेळा करतात ते स्वयंसेवक. म्हणजे पगार न घेता, आपल्या मनानं आलेली माणसं. गणेश मंडळांची पोरं असतात, गुरुद्वाराचं लंगर असतं, मशिदीतले तरुण असतात, कॉलेजची मुलं असतात, आणि चर्चमधली मंडळीही असतात. आज या चर्चवाल्या स्वयंसेवकांची गोष्ट सांगतो, कारण त्यांच्यातल्या एका गटानं एक गोष्ट फार छान ओळखली. ती म्हणजे, मदत ही नुसती मनात असून भागत नाही. ती शिकावी लागते.

पिवळ्या टोपीची फौज

हा गट आहे अमेरिकेतला, बाप्टिस्ट पंथाचा. बाप्टिस्ट म्हणजे कोण? ख्रिस्ती धर्मातल्या प्रोटेस्टंट शाखेचा हा एक पंथ. यांच्यात तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा करत नाहीत. माणूस समजत्या वयाचा झाला, त्यानं स्वतः ‘हो’ म्हटलं, की मगच त्याला पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देतात. आणि गंमत म्हणजे या पंथाशी मराठीचंही जुनं नातं आहे. बंगालमध्ये श्रीरामपूरला राहिलेला विल्यम कॅरे हा बाप्टिस्ट मिशनरीच. त्यानं १८०५ साली मराठी भाषेचं व्याकरण छापलं. आज तुम्ही ज्या व्याकरणाला कंटाळता, त्याच्या पहिल्या छापील पुस्तकांपैकी ते एक!

असो. १९६७ साली अमेरिकेच्या टेक्सास राज्यावर ‘ब्यूला’ नावाचं मोठं चक्रीवादळ आलं. घरं पडली, चुली विझल्या. तिथल्या काही बाप्टिस्ट मंडळींनी साध्या, लहानशा शेगड्यांवर लोकांना गरम जेवण करून द्यायला सुरुवात केली. एवढीच सुरुवात. पण त्यांच्या लक्षात आलं, की दर वादळाला नव्यानं धावपळ करण्यापेक्षा आधीच तयारी करून ठेवली तर? मग १९७० च्या दशकात त्यांनी चाकांवरचं स्वयंपाकघर बांधलं. ट्रकला जोडायचं, वादळ जिथं झालं तिथं न्यायचं, आणि उभं करायचं.

बघता बघता हे काम वाढलं. २००५ साली ‘कतरिना’ वादळानं न्यू ऑर्लीन्स शहर बुडालं, तेव्हा या मंडळींनी सगळी मिळून एक कोटीहून जास्त जेवणं रांधली. एक कोटी! आणि हे करणारे कोण? कुणी निवृत्त शिक्षक, कुणी शेतकरी, कुणी नोकरीतून रजा काढून आलेला, कुणी नातवंडं असलेली आजी.

हे जमतं कसं? तर कामाची वाटणी करून. एक तुकडी फक्त स्वयंपाक करते. ते अन्न उष्णता धरून ठेवणाऱ्या मोठ्या डब्यांत भरतात आणि पुष्कळदा रेडक्रॉसच्या गाड्या ते घरोघर वाटतात. म्हणजे रांधणारे वेगळे, वाढणारे वेगळे. दुसरी तुकडी पडलेली झाडं कापते. तिसरी पूर ओसरल्यावर घरातला चिखल उपसते. चौथी अंघोळीची आणि कपडे धुण्याची सोय करते. एक तुकडी तर फक्त लहान मुलांना सांभाळते, म्हणजे आईबाबांना मोडलेलं घर आवरता येतं. सगळ्यांच्या अंगात पिवळे सदरे. टोपी पिवळी असेल तर तो कामकरी, निळी असेल तर तुकडीप्रमुख. कुणाला काय विचारायचं, हे टोपी बघूनच कळतं.

आणि मुख्य नियम असा, की आधी प्रशिक्षण घ्यायचं, ओळखपत्र मिळवायचं आणि बोलावलं की मगच जायचं.

मनापासून केलेली, तरी फसलेली मदत

तुम्ही म्हणाल, ‘मदत करायला कसलं आलंय प्रशिक्षण? मन मोठं असलं की झालं.’ तर मग हे ऐका.

२६ डिसेंबर २००४ ला त्सुनामीच्या लाटा तमिळनाडूच्या किनाऱ्यावर आल्या. देशभरातून लोकांनी कपड्यांचे ढीग पाठवले. चांगल्या मनानं पाठवले. पण त्यात फाटके होते, मळके होते, तिथल्या कोळ्यांच्या बायका कधी वापरणार नाहीत असे होते. रस्त्याच्या कडेला त्यांचे अक्षरशः डोंगर पडून राहिले. ज्या लोकांचं सगळं वाहून गेलं, त्यांना कुणीतरी टाकलेली चिंधी देणं, ही मदत की अपमान? पुढं ‘गूंज’ या संस्थेनं त्यातले कपडे निवडून, धुऊन, कापून कामाला लावले. पण केवढा व्याप झाला!

दुसरं उदाहरण जास्त दुःखाचं आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यात कृष्णेला महापूर आला होता. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळ गावात लोकांना बाहेर काढणारी एक बोट उलटली. बोटीत माणसं तिला झेपतील त्याहून जास्त बसली होती. त्यात अनेकांचा जीव गेला. बोट आणणाऱ्यांच्या मनात लोकांना वाचवायचंच होतं ना? पण बोटीत किती जण बसवायचे, प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट आहे का, मागं राहिलेल्यांना ‘थांबा, पुढच्या खेपेला’ हे कसं सांगायचं, हे सगळं आधी शिकलेलं असावं लागतं. घाबरलेल्या गर्दीसमोर ते ऐन वेळी सुचत नाही.

साधा चिखल उपसायचा म्हटलं तरी तेच. पुराच्या पाण्यात गटाराचं पाणी मिसळलेलं असतं. अनवाणी उतरलात आणि पायाला जखम असली, तर लेप्टोसारखा आजार होऊ शकतो. म्हणून आधी विजेचं मेन स्विच बंद आहे ना ते मोठ्यांकडून बघून घ्यायचं, पायात गमबूट आणि हातात मोजे घालायचे, मग भिजलेलं सामान बाहेर, मग चिखल, मग पाणी मारून धुणं, मग जंतुनाशक, मग वाळवणं. आणि घरातलं काहीही फेकायच्या आधी घरमालकाला विचारायचं. तुम्हाला जो चिखलात बरबटलेला कागद वाटतो, तो त्या घरातल्या मुलीचा दहावीचा दाखला असू शकतो.

केडगावच्या मुली

आता तुम्ही विचाराल, की ही झाली अमेरिकेची गोष्ट, आपल्याकडे काय? आपल्याकडची गोष्ट तर त्याहून जुनी आहे.

पंडिता रमाबाईंचं नाव तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचलं असेल. त्या बाप्टिस्ट नव्हत्या, पण ख्रिस्ती झाल्या होत्या. तरुणपणी, १८७० च्या दशकात, दक्षिणेतल्या दुष्काळात त्यांचे आई, वडील आणि थोरली बहीण थोड्या महिन्यांच्या अंतरानं वारले. भूक म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

पुढं १८९६-९७ साली मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. रमाबाई तिकडं गेल्या आणि निराधार मुलींना आपल्याबरोबर घेऊन आल्या. सुमारे तीनशे मुली! पण नेमकी त्याच वेळी पुण्यात प्लेगची साथ. शहरात एवढ्या मुलींना ठेवायला परवानगी मिळेना. मग दौंडच्या वाटेवर, केडगावला, त्यांनी घेतलेल्या जमिनीवर घाईघाईनं तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. त्याचंच पुढं ‘मुक्ती मिशन’ झालं.

या मुली कशा होत्या? हाडांचे सापळे, अंगावर खरूज, डोक्यात उवा, आणि कुणावरच विश्वास नाही. त्यांना न्हाऊ कोणी घातलं, भरवलं कोणी? रमाबाईंकडं आधीपासून राहणाऱ्या मोठ्या मुली पुढं झाल्या. त्यातल्या कित्येक स्वतःच विधवा, घरातून टाकलेल्या. त्याच आता दुसऱ्यांच्या ताया झाल्या. १९०० च्या सुमारास गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा आणखी मुली आल्या आणि केडगावचा आकडा दोन हजारांच्या घरात गेला.

रमाबाईंनी त्यांना नुसतं जेवू घातलं नाही. शेती, गाईगुरं, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना अशी कामं शिकवली. कारण दुष्काळ संपतो, पण हातात काम नसेल तर भूक संपत नाही.

आपल्याकडचं दुसरं नाव ‘मुक्तिफौजे’चं. इंग्रजीत तिला साल्व्हेशन आर्मी म्हणतात. नावात फौज असली तरी हत्यार नाही! १८८२ साली ही मंडळी मुंबईच्या बंदरात उतरली. नगरला त्यांचं बूथ हॉस्पिटल आहे. २०२० साली करोना आला, लोक एकमेकांच्या सावलीलाही भिऊ लागले, तेव्हा करोनाच्या रोग्यांसाठी या हॉस्पिटलनं आपली दारं उघडली. नगरचे लोक ते विसरलेले नाहीत.

एक नाजूक प्रश्न

मोठी मुलं आणि आई-बाबा आता मनात म्हणत असतील, की चर्चची माणसं मदत करतात ती धर्म वाढवायला तर नाही? प्रश्न जुना आहे आणि तो विचारायला हरकत नाही. खुद्द रमाबाईंच्या शारदा सदनावरून पुण्यात याच मुद्द्यावर केवढा मोठा वाद पेटला होता.

या प्रश्नाचं एक चांगलं उत्तर १९९४ साली लिहिलं गेलं. रेडक्रॉस आणि जगभरच्या मदत करणाऱ्या संस्थांनी मिळून वागणुकीचे दहा नियम ठरवले. त्या संस्थांत चर्चच्या संस्थाही होत्या. त्यातले दोन नियम आपण सोप्या शब्दांत समजून घेऊ. पहिला, ज्याला गरज जास्त त्याला मदत आधी, मग त्याची जात, धर्म, देश कुठलाही असो. दुसरा, मदतीच्या आडून आपलं राजकारण किंवा आपला धर्म पुढं रेटायचा नाही.

हा नियम फक्त चर्चला लागू नाही बरं का! देवळाला, मशिदीला, पक्षाला, मंडळाला, सगळ्यांनाच आहे. मदतीच्या गाडीवर कुणाचा फोटो केवढा आहे, ते कधी बघा. खिचडीच्या पातेल्यापेक्षा फलक मोठा असला, तर काहीतरी चुकतंय असं समजायला हरकत नाही. तुमच्या मनात असलेली श्रद्धा तुम्हाला पहाटे चार वाजता उठवून कांदे चिरायला बसवत असेल, तर ती मोलाची आहे. पण भुकेल्याच्या ताटात फक्त खिचडी वाढायची, अट वाढायची नाही.

मग आपण काय करायचं?

पिंपरी-चिंचवडला पवना आहे, मुळा आहे, इंद्रायणी आहे. पवना धरणातून जास्त पाणी सोडलं, की चिंचवडच्या मोरया गोसावी मंदिरात पाणी शिरतं, आणि नदीकाठच्या वस्त्यांतल्या लोकांना महापालिकेच्या शाळांत हलवावं लागतं. चाकण, भोसरी, तळेगावला कारखाने आहेत, त्यात वायू आणि रसायनं असतात. म्हणजे संकट काही फक्त डोंगरात आणि अमेरिकेत येतं असं नाही.

तुम्ही अजून लहान आहात. पुराच्या पाण्यात उतरणं, ढिगारे उपसणं हे तुमचं काम नाही, आणि कुणी बोलावलं तरी जायचं नाही. पण तयारी आजपासून करता येते.

१. आई किंवा बाबा कारखान्यात असतील, तर त्यांना विचारा, ‘तुमच्याकडं मॉक ड्रिल कशी होते? भोंगा वाजला की सगळ्यांनी कुठं जमायचं?’ मग तशीच एक जमण्याची जागा आपल्या घरासाठी ठरवा. सगळे पांगले तरी तिथं भेटायचं.

२. हे नंबर पाठ करा : कुठल्याही संकटात ११२, आग लागली तर १०१, रुग्णवाहिका १०८, जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७. घरातल्या एका माणसाचा मोबाइल नंबरही तोंडपाठ हवा. फोन भिजला तर त्यातले नंबर काय कामाचे?

३. शाळेत स्काऊट-गाइड, ज्युनियर रेडक्रॉस किंवा एनसीसी असेल तर नाव घाला. रक्त थांबवणं, भाजल्यावर थंड पाणी ओतणं, मोडलेला हात झोळीत घेणं हे तिथं शिकवतात. घरातल्या अठरा वर्षांवरच्या ताई-दादांना सरकारच्या ‘आपदा मित्र’ प्रशिक्षणाची माहिती सांगा.

४. कपडे किंवा वस्तू द्यायच्या झाल्या, तर आधी ‘तिकडं काय हवंय?’ हे विचारा. देताना स्वतःला एक प्रश्न करा, ‘हे मला कुणी दिलं तर मी घालीन का?’ उत्तर ‘नाही’ असेल तर ते पाठवू नका.

५. घरी एकदा तरी आईबरोबर पंधरा-वीस माणसांचा स्वयंपाक करा. भात किती, पाणी किती, भांडी घासायला किती वेळ, ते अनुभवा. हात धुतल्याशिवाय वाढायचं नाही. आणि सकाळी शिजवून उरलेली खिचडी संध्याकाळी पाहुण्यांना नाही! छावणीत एका पातेल्यानं शंभर जण आजारी पडू शकतात.

पालकांना एक विनंती. पुढच्या वेळी मुलं म्हणाली, ‘आम्हालाही काहीतरी द्यायचंय,’ तर नुसते पैसे त्यांच्या हातात देऊन मोकळे होऊ नका. त्यांना बरोबर बसवा, यादी करू द्या, कपडे धुऊन घडी घालू द्या, खोक्यावर आत काय आहे ते स्वच्छ अक्षरात लिहू द्या. तिकडं अंधारात खोकी उघडणाऱ्या स्वयंसेवकाला त्या चार शब्दांची किंमत फार असते.

या आठवड्याचं गणित

समजा, पूर आला आणि तुमच्या शाळेत ३०० लोकांची छावणी करायची आहे. एका माणसाला दिवसाला निदान १५ लिटर पाणी लागतं, पिणं, स्वयंपाक, धुणं सगळं धरून. २० माणसांमागं एक तरी स्वच्छतागृह हवं. एका वेळच्या खिचडीला माणशी १०० ग्रॅम तांदूळ आणि ४० ग्रॅम डाळ धरा. तर मग दिवसाला पाणी किती लिटर? स्वच्छतागृहं किती? दोन वेळच्या खिचडीला तांदूळ-डाळ किती किलो?

आकडे निघाले, की उद्या मधल्या सुट्टीत शाळेतले नळ, पाण्याची टाकी आणि स्वच्छतागृहं मोजा. पुरतील का? कमी पडत असतील तर किती कमी पडतात ते एका कागदावर नीट लिहा, खाली नाव-इयत्ता घाला, आणि तो कागद मुख्याध्यापकांना नेऊन द्या.